उंची क्रीमला स्वस्त पर्याय कसा शोधावा

निव्हियाची निळी डबी आणि लाप्रेरीची चमचमती बाटली एकाच मालकाची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दोन्ही ब्रँड बायर्सडॉर्फ या जर्मन कंपनीचे. लॉरेआलकडे उंची लँकोम आहे, तसंच स्वस्तातलं गार्निए आणि सेराव्हेही आहे. एस्टी लॉडर या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये ला मेर हा उंची क्रीमचा ब्रँड विकत घेतला. साध्या बाटलीवर घटकाचं नाव आणि टक्केवारी छापून माफक दरात विकणाऱ्या 'दि ऑर्डिनरी'च्या मूळ कंपनीतला मोठा हिस्साही तिनेच २०२१ मध्ये घेतला.

याचा अर्थ दोन्ही डब्यांत एकच क्रीम भरलेलं असतं, असा नाही. पण त्यामागचं त्वचाशास्त्र एकच असतं. बीएएसएफ, क्रोडा, इव्होनिक अशा मोजक्या रसायन कंपन्या जगभरच्या सौंदर्यप्रसाधन कारखान्यांना कच्चा माल पुरवतात. ग्लिसरीनला आपण कुठल्या डबीत जाणार आहोत, याचा पत्ता नसतो.

मग महाग डबीत जास्तीचे पैसे जातात कुठे? जड काचेची बाटली, खास बनवून घेतलेला सुगंध, बोटाला लागताच विरघळणारा पोत, जाहिरातीतला चेहरा, दुकानातला झगमगता काउंटर. यातलं काहीच खोटं नाही. पोत खरोखर सुरेख असतो आणि त्याची मजा घेण्यात गैरही नाही. फक्त ही मजा आहे, उपचार नव्हे, एवढं समजून पैसे मोजावेत.

अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने २००७ मध्ये सुरकुत्यांवरच्या क्रीमची चाचणी प्रसिद्ध केली. किंमत आणि परिणाम यांचा काही मेळ बसला नाही. सगळ्यात महागडं क्रीम तळाच्या रांगेत गेलं आणि साध्या दुकानात मिळणारं ओले रिजेनरिस्ट वर आलं. मला त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. पहिल्या आलेल्या क्रीमनेही सुरकुत्यांची खोली सरासरी १० टक्क्यांहून कमीच घटवली होती, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकी. महागाच्या जागी स्वस्त घेताना आपण काय गमावतो, असा प्रश्न पडतो तेव्हा मुळात मिळत किती होतं, हेही पाहायला हवं.

म्हणून माझं म्हणणं असं, की अमुक क्रीमची हुबेहूब नक्कल शोधत बसू नका. ते क्रीम जे काम करतं, ते काम करणारं दुसरं काय आहे, ते शोधा. आणि क्रीमला करता येतील अशी कामं फार नाहीत.

क्रीम पोचतं तरी कुठवर?

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. जाडी मिलिमीटरचा एखाद-दुसरा शतांश. रचना विटांच्या भिंतीसारखी: पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लांचा गिलावा. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं, हे या भिंतीचं काम. आपण लावलेलं क्रीमही तिच्या लेखी 'बाहेरचं'च असतं.

आत काय शिरू शकतं, याचा एक ढोबळ नियम बॉस आणि मायनार्डी या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये मांडला. रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या (रेणू तोलायचं एकक) आत असेल तर तो धडधाकट त्वचेतून पलीकडे जाण्याची शक्यता असते. त्याहून मोठा झाला की वाट जवळजवळ बंद. नायसिनामाइडचं वजन १२२, क जीवनसत्त्वाचं १७६, रेटिनॉलचं (अ जीवनसत्त्वाचं एक रूप) २८६. आणि त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचं? सुमारे तीन लाख.

या एका आकड्याने दुकानातला अख्खा कप्पा निकालात निघतो. कोलॅजनचं क्रीम चेहऱ्यावर चोळून आतलं कोलॅजन वाढत नाही. ते वरच बसतं, थोडं पाणी धरतं आणि तेवढ्यापुरता चेहरा तुकतुकीत दिसतो. वाईट काही नाही, पण हेच काम ग्लिसरीनही करतं. हायलुरॉनिक अॅसिडचंही बहुतेक वेळा तसंच: मोठे रेणू पृष्ठभागावर राहून ओलावा धरतात. एके काळी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, तेव्हा महाग होतं. आता जिवाणूंकडून आंबवून तयार होतं आणि स्वस्तातल्या सिरममध्येही सर्रास सापडतं.

डबी उलटी करा

समजा, एका जडशीळ डबीवर पुढच्या बाजूला मोती आणि सोन्याचा गाजावाजा आहे. डबी उलटी केली की बारीक अक्षरांत ही यादी दिसते: पाणी, ग्लिसरीन, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, सिटेअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, नायसिनामाइड, ग्लिसरिल स्टिअरेट, फिनॉक्सीइथेनॉल, कार्बोमर, सुगंध, मोत्याचा अर्क, सोनं. (ही यादी मी समजावण्यासाठी रचली आहे, पण असली यादी तुम्हाला कुठेही भेटेल.)

युरोप-अमेरिकेसह बहुतेक ठिकाणी नियम असा आहे की, घटक जास्तीकडून कमीकडे लिहायचे. एक टक्क्याच्या खाली आलेल्यांचा क्रम मात्र कंपनीने हवा तसा लावावा. ही एक टक्क्याची रेघ लेबलवर कुणी आखून देत नाही, ती आपणच ताडायची. त्यासाठी फिनॉक्सीइथेनॉल हा बरा खबऱ्या आहे. हे क्रीम टिकवण्यासाठी घालतात आणि युरोपच्या कायद्यानुसार ते एक टक्क्याहून जास्त घालता येत नाही. म्हणजे त्याच्या मागे जे जे लिहिलंय ते एक टक्का किंवा त्याहून कमी. उलटं मात्र खात्रीने म्हणता येत नाही. फिनॉक्सीइथेनॉलच्या पुढे असलेला घटकही एक टक्क्याच्या आतला असू शकतो, कारण रेघेखालचा क्रम कंपनीच्या मर्जीवर असतो.

आता यादी पुन्हा वाचू. पाण्यानंतर ग्लिसरीन, म्हणजे ओलावा धरणारा मुख्य गडी तो. ट्रायग्लिसराइड हे हलकं तेल. सिटेअरिल अल्कोहोल नावाला अल्कोहोल, पण ते त्वचा कोरडी करणारं स्पिरिट नव्हे. मेणासारखा मऊ पदार्थ आहे, क्रीमला दाटपणा देतो. डायमेथिकोन म्हणजे सिलिकोन. बोट फिरवल्यावर जो रेशमी गुळगुळीतपणा जाणवतो तो बहुतांशी याचा. नायसिनामाइड हा या डबीतला खरा उपयोगी घटक. आणि ज्यांच्या नावावर डबी विकली जाते ते मोती आणि सोनं सुगंधाच्याही मागे, शेपटाला. नाव सोनूबाई!

तेव्हा या डबीला पर्याय म्हणजे दुसरं सोन्याचं स्वस्त क्रीम नव्हे. ग्लिसरीन, सिलिकोन आणि नायसिनामाइड असलेलं, शक्यतो बिनवासाचं कुठलंही मॉइश्चरायझर. अशी डझनावारी मिळतात.

शेपटाला असलेलं सगळंच निकामी, असंही समजू नका. रेटिनॉल ०.३ टक्क्यालाही काम करतं. सोडियम हायलुरोनेट अगदी थोडं घातलं तरी पाण्याचा जेल होतो. पेप्टाइडं (प्रथिनांचे छोटे तुकडे) तर दशलक्षात काही भाग एवढ्या मात्रेत घालतात. म्हणून नुसतं स्थान पाहून भागत नाही. त्या घटकाची कामाची मात्रा किती, हे ठाऊक असावं लागतं.

लेबलची आणखी एक मर्यादा. ते नावं सांगतं, प्रमाण नाही, पीएच (आंबटपणाचं माप) नाही, बनवण्याची पद्धत नाही. ला मेरचं मूळ क्रीम आणि निव्हियाची निळी डबी यांची तुलना वर्षानुवर्षं चालू आहे ती याच मुद्द्यावर. दोन्हींत खनिज तेल, ग्लिसरीन, मायक्रोक्रिस्टलाइन मेण आणि लोकरीच्या मेणापासून काढलेलं लॅनोलिन अल्कोहोल आहे. हे लॅनोलिनचं तंत्र शंभराहून जास्त वर्षं जुनं. पाणी आणि तेल एकजीव ठेवणारं 'युसेरिट' हाताशी आलं आणि त्यावर १९११ मध्ये निव्हिया उभं राहिलं. ला मेरच्या यादीत मात्र सगळ्यात वर समुद्री शेवाळाचा अर्क आहे, तो निव्हियात नाही. तेव्हा दोन्ही 'सेम टू सेम' म्हणणारे चुकतात. पण तुमची गरज कोरड्या त्वचेवर जाड, स्निग्ध थर ही असेल, तर ते काम दोन्हींतला सामायिक भागच करतो. आणि तुम्हाला शेवाळाचा अर्कच हवा असेल, तर त्याला पर्याय नाही. हवा कशासाठी, हे मात्र स्वतःला विचारा.

कामाचे रेणू आणि त्यांचे साधे अवतार

कोरडेपणापासून सुरुवात करू, कारण इथे महाग घेण्याचं कारण सगळ्यात कमी आहे. त्वचेतून उडून जाणारं पाणी रोखण्यात पेट्रोलियम जेलीला तोड नाही. प्रयोगांत ती हे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत घटवते आणि कुठलंही दुर्मीळ, महागडं तेल तिच्या आसपास येत नाही. तिचा शोधही मजेशीर. अमेरिकेतल्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना एक चिकट मेण साठायचं. कामगारांना त्याचा वैताग, पण कापलं-भाजलं की तेच लावायचे. रॉबर्ट चीझब्रो या रसायनतज्ज्ञाने ते शुद्ध केलं आणि १८७२ मध्ये व्हॅसलिन नावाने पेटंट घेतलं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच पातळ हात फिरवला तर उत्तम चालते. कोरड्या त्वचेवर थापली तर आत कोंडायला पाणीच नसतं. चिकटपणा हा तिचा दोष आणि तो मोठा आहे. तेलकट चेहऱ्यावर ती दिवसभर कुणी वागवणार नाही.

तिथे ग्लिसरीन कामी येतं. आणि टाचा, कोपरं, गुडघे यांना युरिया. युरिया हा त्वचेच्या स्वतःच्या ओलावा धरणाऱ्या मिश्रणातलाच एक घटक. ५ ते १० टक्क्यांना तो ओलावा धरतो, २० टक्क्यांच्या पुढे गेला की जाड कातडी मऊ करून सोडवतो. भेगा रक्ताळल्या असतील तर मात्र सणकून झोंबतो. युरियाच्या क्रीमची जाहिरात फारशी कुणी करत नाही, कारण त्यात झगमग करण्यासारखं काही नाही.

डाग, निस्तेजपणा, तेलकटपणा यांसाठी नायसिनामाइड, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाचं एक रूप. हा रेणू फार गुणी आहे: पाण्यात विरघळतो, उजेडाने बिघडत नाही, बनवायला स्वस्त. अभ्यास प्रामुख्याने २ ते ५ टक्क्यांवर झालेत. २००५ मधल्या एका चाचणीत ५ टक्क्यांचं मिश्रण १२ आठवडे लावल्यावर बारीक सुरकुत्या, डाग आणि त्वचेचा पिवळसरपणा कमी झाला. हल्ली १०, १५, २० टक्क्यांच्या बाटल्या निघाल्यात. आकडा वाढला म्हणजे गुण वाढला, असं नाही. चुरचुर मात्र वाढू शकते. मुरमांवरच्या बेंझॉइल पेरॉक्साइडचीही हीच गंमत. १९८६ च्या एका अभ्यासात २.५ टक्क्यांचं जेल ५ आणि १० टक्क्यांइतकंच प्रभावी ठरलं आणि त्वचा लाल होण्याचा त्रास १० टक्क्यांच्या मानाने कमी झाला.

सुरकुत्यांच्या बाबतीत तर उलटीच तऱ्हा आहे. ज्याच्यामागे सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो घटक म्हणजे ट्रेटिनॉइन. अमेरिकेत त्याला १९७१ मध्ये मुरमांसाठी आणि १९९५ मध्ये उन्हाने झालेल्या सुरकुत्यांसाठी औषध म्हणून मान्यता मिळाली. पेटंट केव्हाच संपलंय, साध्या अॅल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये जेनेरिक मिळतं. उंची काउंटरवर विकलं जाणारं रेटिनॉल हा त्याचा सौम्य पूर्वज: त्वचेत गेल्यावर आधी रेटिनाल्डिहाइड, मग रेटिनॉइक आम्ल, अशा दोन पायऱ्या उतरून ते ट्रेटिनॉइनच्या रूपाला येतं आणि वाटेत बरंच वाया जातं. म्हणजे महागडी बाटली सौम्य आणि स्वस्त ट्यूब जहाल! अर्थात जहाल म्हणजे लालसरपणा, सालपटं, उन्हाचा त्रास. हे औषध आहे, ते त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यावं, आणि गरोदरपणात किंवा त्याची तयारी चालू असताना ट्रेटिनॉइन नाही आणि रेटिनॉलही नाही. ज्यांना एवढं नको, त्यांनी ०.१ ते ०.३ टक्क्याचं साधं रेटिनॉल आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरू करावं. बाटली पारदर्शक काचेची असेल तर ती दुकानातच ठेवा, मग ती कितीही देखणी असो. उजेड आणि हवा लागली की रेटिनॉल मरतं.

क जीवनसत्त्वाची कथा जरा वेगळी, कारण इथे महागड्या बाटलीत खरंच बुद्धी ओतलेली होती. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांनी दाखवून दिलं की, शुद्ध एल-अॅस्कॉर्बिक आम्ल त्वचेत शिरायचं तर द्रावणाचा पीएच ३.५ च्या खाली हवा आणि २० टक्क्यांच्या पुढे मात्रा वाढवून उपयोग नाही. पुढे १५ टक्के क जीवनसत्त्व, १ टक्का ई जीवनसत्त्व आणि ०.५ टक्के फेरुलिक आम्ल असं मिश्रण ठरलं. फेरुलिकमुळे ते जास्त टिकू लागलं आणि उन्हापासूनचं संरक्षणही दुणावलं. स्किनस्यूटिकल्सचं प्रसिद्ध महागडं सिरम ते हेच. पेटंट असल्यामुळे इतरांना ती नक्कल जपूनच करावी लागे. २०२५ मध्ये त्या पेटंटची मुदत संपली. याच तीन आकड्यांचे पर्याय घेताना दोन गोष्टी पाहा: बाटली गडद किंवा अपारदर्शक आहे का, आणि आत आलेला रंग. फिकट पिवळसर ठीक, चहासारखा तपकिरी झाला की ते संपलं. महाग असो की स्वस्त, लहान बाटली घ्यावी.

बाकीचं झटपट उरकतो. फेसवॉश मिनिटभरात नळाखाली वाहून जातो, त्यात सोनं काय नि चांदी काय. सौम्य असावा, चेहरा ताणल्यासारखा होऊ नये, बस. डोळ्यांखालचं क्रीम बहुधा चेहऱ्याचंच मॉइश्चरायझर असतं, डबी तेवढी लहान. पेप्टाइडांचा पुरावा रेटिनॉइडांच्या (रेटिनॉल, ट्रेटिनॉइन हे कूळ) पासंगालाही पुरत नाही; किंमत पाहता मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. टोनर वगळलात तर चेहऱ्याला कळणारही नाही.

सनस्क्रीन: स्वस्त असणं हाच गुण

इथे मात्र थांबायला हवं, कारण त्वचा म्हातारी दिसण्याचं बाहेरचं सगळ्यात मोठं कारण ऊन आहे.

बाटलीवरचा एसपीएफचा (उन्हाने भाजण्यापासून संरक्षण किती, त्याचा) आकडा प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. प्रत्यक्षात बहुतेक माणसं त्याच्या पाव ते अर्ध्या मात्रेत भागवतात आणि संरक्षणही त्या मानाने घसरतं. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर तर्जनी आणि मधलं बोट जोडा आणि मुळापासून टोकापर्यंत दोन्हींवर सनस्क्रीनची एकेक ठसठशीत रेघ ओढा. चेहरा आणि मान यांना एका वेळी लागतं ते एवढं. पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, "बाप रे, इतकं?" हे साधारण २ ग्रॅम होतं. म्हणजे ५० मिलीची बाटली दिवसातून एकदाच लावली तरी महिनाभर पुरत नाही. आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं.

आता उंची सनस्क्रीनचं काय होतं ते बघा. ते महाग, म्हणून हात आखडतो. वाटाण्याएवढं घेतलं जातं, बाटली सहा महिने चालते आणि बाईंना वाटतं, वा, पैसे वसूल! प्रत्यक्षात एसपीएफ ५० चं संरक्षण त्यांना एकही दिवस मिळालेलं नसतं. त्यापेक्षा सढळ हाताने लावता येईल असं साधं सनस्क्रीन कितीतरी पटींनी बरं.

याला चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात १९९२ ते १९९६ या काळात ५५ च्या आतल्या ९०३ जणांची चाचणी झाली. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, इतरांना मर्जीवर सोडलं. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी दिसलं. ते सनस्क्रीन होतं एसपीएफ १५ च्या वर्गातलं, आजच्या मानाने अगदीच साधं. फरक पाडला तो रोजच्या रोज लावण्याने.

निवडताना एसपीएफ ३० किंवा ५० आणि सोबत यूव्हीए (उन्हातले खोलवर शिरणारे अतिनील किरण) संरक्षणाची खूण पाहा. युरोपीय बाटल्यांवर गोलात यूव्हीए लिहिलेलं असतं. याचा अर्थ यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या किमान एक तृतीयांश आहे. वांगाचे डाग असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण असे डाग दृश्य प्रकाशानेही गडद होतात. आयर्न ऑक्साइड म्हणजे गंजाचेच भाऊबंद, त्यात महाग काही नाही.

पैसे थोडे जास्त टाकायचेच असतील तर मात्र मी इथेच टाकीन, पोतासाठी. पांढरा थर बसणारं, डोळ्यांत उतरणारं सनस्क्रीन माणूस चार दिवसांत सोडतो. तुम्हाला रोज सोसवेल त्यांतलं सगळ्यात स्वस्त, ते तुमचं.

स्वस्त कुठे महागात पडतं

उंची ब्रँडचीच बाटली निम्म्या दरात कुणी अनोळखी विक्रेता देत असेल, तर ती बनावट असण्याची शक्यता धरून चला. आत काय भरलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. पर्याय घ्यायचा तर स्वतःच्या नावाने, घटक-यादी, बॅच क्रमांक आणि मुदत छापून विकणाऱ्या साध्या ब्रँडचा घ्या.

त्याहून धोक्याची म्हणजे 'गोरेपणा'ची स्वस्त क्रीम. त्यांत पारा सापडतो. तो रंगद्रव्य बनणं थांबवतो, चेहरा उजळतोही, आणि मूत्रपिंडं खराब होतात. घरातल्या लहान मुलांनाही त्याची बाधा होते. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार सौंदर्यप्रसाधनांतला पारा हद्दपार व्हायला हवा, तरी अशा डब्या विकल्या जातात. लेबलवर 'मर्क्युरस क्लोराइड' किंवा 'कॅलोमेल' दिसलं तर हातही लावू नका. यादीच नसेल, पण 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये' अशी सूचना असेल, तर तीही पाऱ्याचीच खूण. दुसरा छुपा पाहुणा स्टेरॉइड. आठवड्याभरात चेहरा कमालीचा नितळ झाला, थांबवताच लाल होऊन आग पेटली, असं झालं तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जावं.

घरगुती पर्यायांबद्दलही स्पष्ट बोलतो. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, खायच्या सोड्याचा ८ च्या वर. त्वचेचा स्वतःचा साधारण ५. एक भाजतो, दुसरा संरक्षक आवरण बिघडवतो. लिंबू लावून उन्हात गेलं तर फोड आणि काळे चट्टे उठतात. आणि घरी सनस्क्रीन बनवणं हा तर शुद्ध वेडेपणा. झिंक ऑक्साइडचे कण समान पसरावेत यासाठी कारखान्यात वेगळी यंत्रं लागतात; वाटीत चमच्याने ढवळलेल्या मिश्रणात गुठळ्या आणि भोकं राहतात, आणि भोकांतून ऊन आत येतं.

उंची प्रसाधनांच्या सुगंधाचाही उल्लेख याच ओळीत करायला हवा. सुगंधी द्रव्यं ही प्रसाधनांनी होणाऱ्या अॅलर्जीच्या प्रमुख कारणांपैकी एक. चेहऱ्याला लगेच खाज सुटणाऱ्यांना औषधाच्या दुकानातलं बिनवासाचं, बिनाऐटीचं मॉइश्चरायझर बहुधा जास्त मानवतं.

बदल कसा करावा

सगळ्या बाटल्या एका दिवसात बदलू नका. काही बिनसलं तर चोर कोण, ते सापडत नाही. आधी फेसवॉश, मग मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, आणि रेटिनॉल किंवा क जीवनसत्त्व शेवटी. नवं काही आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावं. काही झालं नाही तर मग चेहऱ्यावर. फेसवॉशसारखं धुऊन टाकायचं असेल तर तिथेही पाच मिनिटांनी धुवावं.

आणि पी हळद नि हो गोरी इथे चालत नाही. मॉइश्चरायझर त्याच दिवशी कळतं, नायसिनामाइडला दोन-तीन महिने द्यावे लागतात आणि रेटिनॉइडला किमान तीन. महागड्या क्रीमनेही याहून लवकर काही होत नव्हतं. तिथे आपण किमतीच्या भिडेने थांबत होतो आणि स्वस्त बाटलीला मात्र पंधरा दिवसांत नापास करतो. तुलना करायचीच असेल तर सुरुवातीला आणि बारा आठवड्यांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी, बिनमेकअपचा फोटो काढा. आरशातल्या रोजच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

यातूनही एखादं महागडं क्रीम जिवापाड आवडत असेल तर ठेवा की. फेसवॉश, टोनर आणि डोळ्यांखालची डबी यांतून वाचलेल्या पैशांत ते बसतं का बघा, आणि दिवसा त्यावर सनस्क्रीनच्या दोन रेघा तेवढ्या चुकवू नका.